राजगड–तोरणा–रायगड: सॅकचं राजकारण

रेंज ट्रेकमध्ये, म्हणजे सलग दोन-तीन किल्ले चालत जोडताना, वाटेवरून फारशी भांडणं होत नाहीत. खरं भांडण होतं पहिल्या रात्री काय शिजवायचं यावरून. ज्याच्या सॅकमध्ये जे असेल ते त्याला त्याच रात्री संपवायचं असतं. तांदूळवाल्याला खिचडी हवी, बटाटेवाल्याला रस्सा.

गुंजवण्यातून चोर दरवाज्याने राजगड चढलो, पद्मावती माचीवर पाणी भरलं आणि थेट संजीवनी माची धरली. ही माची अडीचेक किलोमीटर लांब. अळू दरवाज्यातून बाहेर पडलं की तोरण्यापर्यंत गेलेली डोंगरधार दिसते. "हे काय, समोर तर आहे!" असं म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. आमचा दुपारनंतर बोलेनासा झाला.

धारेवर सावलीचं नाव नाही. मध्ये एक धनगराचं घर लागलं. तिथल्या मावशींनी तांब्याभर ताक पुढे केलं आणि विचारलं, "तोरण्याला चाललाव? आरं, येल्ह्याला यष्टी येती की! हितनं कशापायी मरताय?" येल्हं म्हणजे वेल्हे, तोरण्याच्या पायथ्याचं गाव. याला उत्तर नव्हतं. आम्ही आणखी ताक मागितलं.

लोखंडी शिडी चढून बुधला माचीवर आलो तेव्हा अंधारत आलं होतं. तोरणा 1403 मीटर उंच, वारा बोचरा. मेंगाईच्या देवळात सॅक टाकल्या आणि अपेक्षेप्रमाणे वाद सुरू झाला. निवाडा केला काकांनी. वयाने सगळ्यांत मोठे, पण दिवसभर मुद्दाम शेवटी चालणारे. म्हणाले, "मला सोडून आज सगळ्यांत मागे कोण होतं? त्याची सॅक उघडा." त्यातून निघाले कांदे, बटाटे आणि एक अख्खा नारळ. नारळ कशासाठी, हे त्यालाही सांगता येईना. काकांनी ताटलीच्या पाठीवर कांदे चिरले, नारळ पायरीवर फोडला, खोबऱ्याचे तुकडे रश्शात गेले. जेवणानंतर कोणीतरी देवळातल्या ब्रह्मपिशाच्चाची गोष्ट काढली. मग बाहेर जायचं तर तिघं-चौघं मिळून.

पुढे मोहरीपर्यंतच्या रानात ढोरवाटाच जास्त. चुकत-माकत गावात पोचलो, एका ओसरीवर पथारी टाकली. पिठलं-भाकरी आयती मिळाली, त्यामुळे त्या रात्री सॅकचा विषयच निघाला नाही.

सिंगापूर नाळेने, म्हणजे कोकणात उतरणाऱ्या अरुंद, उभ्या घळीने, मात्र गुडघ्यांची परीक्षा घेतली. नुसते धोंडे आणि घसारा. इथे गप्पा बंद, दोघांत अंतर, आणि पायाखालून काही सुटलं की "दगड!" ही आरोळी. सकाळपर्यंत एकमेकांना टोमणे मारणारे हात देऊन उतरवत होते. खाली दापोली (रत्नागिरीतली नव्हे), मग पाने गाव आणि रायगड.

जगदीश्वराचं, समाधीचं दर्शन झालं. उतरताना पायऱ्या की रोपवे, यावर मतदान घेतलं. काकांचा हात सगळ्यांत आधी वर गेला, रोपवेसाठी. रांग मोठी होती, पण विरोधात एकही मत पडलं नाही.