प्रश्नानंतरचे दोन सेकंद

मंगळवार, रात्री

आजच्या ऑनलाइन तासाचे रेकॉर्डिंग मी संध्याकाळी पुन्हा पाहिले. काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फाचा तुकडा तरंगत आहे, तो वितळल्यावर पाणी सांडेल का, असे मी विचारले आणि कोणीच बोलत नाही असे वाटून उत्तरही मीच देऊन टाकले. घड्याळ लावून पाहिले तेव्हा मध्ये जेमतेम दोन सेकंद गेले होते. तेवढ्यात एका मुलीच्या नावाजवळची बंद माइकची लाल खूण नाहीशी झाली होती, आणि मी बोलू लागताच ती परत आली. तास घेताना हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. तेवढाच भाग मी तीनदा पाहिला आणि मनाला फार लागले.

प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरे अधिक विस्ताराने येतात, बोलणाऱ्या मुलांची संख्याही वाढते, असे अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात आढळले होते. पण त्यांची निरीक्षणे चार भिंतींतल्या वर्गांची होती. पडद्यावर आवाज पोहोचायला लागणारा वेळ, माइक सुरू करण्याची धडपड आणि आपण तोंड उघडताच सर्वांना आपलाच चेहरा मोठा दिसेल हा संकोच, यांची त्यात भर पडते. वर्गात मुलांच्या कपाळावरच्या आठ्या तरी दिसतात. बंद कॅमेऱ्यांच्या काळ्या चौकटींपुढे मात्र शांतता अंगावर येते आणि ती भरून काढण्यासाठी आपण बोलत सुटतो.

आतापर्यंत माझी सारी मेहनत दाखवण्यावर गेली. व्हिडिओ लहान असावेत हे मी जाणतो. संशोधक फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंची नोंद तपासली, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी मुले साधारण सहा मिनिटांपलीकडे फारशी टिकत नाहीत असे दिसले होते. म्हणून मी चाळीस मिनिटांच्या तासाचे लहान तुकडे केले. परंतु दोन तुकड्यांच्या मध्ये मुलाने काय करायचे, हे माझ्या टाचणात कुठेच नव्हते, आणि खरी उणीव तिथेच आहे असे मला आज वाटते.

गुरुवारच्या तासाची मांडणी मी त्यामुळे प्रश्नापासून केली आहे. प्रत्येकाने उत्तर आणि त्याचे कारण चॅटमध्ये लिहायचे, पण मी सांगेपर्यंत पाठवायचे नाही, आणि मग सर्वांनी एकदमच पाठवायचे. नाहीतर पहिल्या हुशार मुलाचे उत्तर आले की बाकीचे आपले खोडून टाकतात. लिहिण्यासाठी दीड मिनिट ठेवले आहे, आणि तेवढा वेळ माझा माइक बंद राहील. त्यानंतर वेगळे उत्तर देणाऱ्यांच्या जोड्या लावून चार मिनिटे चर्चा, आणि प्रयोगाचा व्हिडिओ सर्वांत शेवटी.

पातळी तीच राहते हे उत्तर मी आज सांगून बसलो आहे, तेव्हा प्रश्न बदलणे भाग होते. बर्फाच्या मोठ्या तुकड्यात नखाएवढा दगड गोठलेला आहे आणि तुकडा तरीही तरंगतो आहे. तो वितळल्यावर पाणी चढेल, उतरेल की तेवढेच राहील? वाटीत पाणी आणि दगड घालून ती आत्ताच फ्रीजरमध्ये ठेवली. उद्या सकाळी चित्रीकरण करायचे आहे.