तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे फोनवरच ऐकतात, मग कव्हरवर एवढा जीव का टाकायचा?

मी इंडी रॉक, म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून दूर, स्वतंत्रपणे रॉक संगीत करणाऱ्या बँड्सच्या रेकॉर्ड आणि सीडींची कव्हरं बनवते, म्हणजे पुढचं चित्र, मागची बाजू, रेकॉर्ड सरकवायची आतली पिशवी, शेल्फवर दिसणारी पाठीची कड, सगळंच. हे कळलं की समोरचा माणूस हमखास विचारतो की अहो, आता सगळे फोनवरच ऐकतात, त्या पुठ्ठ्याला विचारतो कोण, आणि बँड कसा आहे ते गाण्यातून कळणार की कव्हरवरून? विचारणारे चांगल्या मनानेच विचारतात. पण उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून आज बसून लिहितेय.

माझं म्हणणं असं आहे की बँडची इमेज पुढच्या चित्रात असते त्याहून जास्त ती वस्तू तुमच्या हातांना काय करायला लावते त्यात असते. नाव शोधायला लावते का, काही फाडायला लावते का, जपून उघडायला लावते का. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधीच बँड तुमच्याशी एकदा वागून मोकळा झालेला असतो, आणि कसा वागला ते लक्षात राहतं.

जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचं 'अननोन प्लेझर्स' घ्या, १९७९ चं. काळ्यावर पांढऱ्या डोंगरांसारख्या रेघा, टीशर्टवर तर तुम्ही पाहिलंच असेल. तो १९६७ मध्ये सापडलेल्या पहिल्या पल्सारच्या, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरी पाठवणाऱ्या ताऱ्याच्या, स्पंदनांचा आलेख आहे, खगोलशास्त्राच्या एका विश्वकोशातून बँडनेच शोधून डिझायनर पीटर सॅव्हिलला दिलेला, आणि पुस्तकात तो पांढऱ्यावर काळा होता, सॅव्हिलने उलटा केला. पण टीशर्टवर जे कळत नाही ते असं, की मूळ रेकॉर्डच्या पुढच्या बाजूला ना बँडचं नाव आहे ना अल्बमचं, आणि कागद हाताला खरबरीत लागतो. बँडचा पहिलाच अल्बम, फारसं कुणी ओळखत नाही, आणि पुढे नाव नाही! दुकानातल्या रॅकमध्ये लोक रेकॉर्ड पुढेमागे करत बघतात तेव्हा वरचीच पट्टी दिसते, म्हणून नाव तिथे मोठं हवं हा विक्रीवाल्यांचा जुना हट्ट, मोठ्या कंपनीत तो मोडून काढणं सोपं नव्हतं. फॅक्टरी या छोट्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने, ते होऊ दिलं. मग ऐकणाऱ्याला ती उलटून बघावी लागते, आणि त्या उलटण्यातच बँड काय आहे ते निम्मं कळतं, की हे लोक तुम्हाला हाक मारणार नाहीत, तुम्हीच जवळ जायचं.

त्याच लेबलची 'द दुरुत्ती कॉलम'ची १९८० ची रेकॉर्ड मला त्याहून आवडते. पहिल्या काही प्रतींचं कव्हर चक्क सँडपेपरचं, म्हणजे शेल्फवर ठेवली की शेजारच्या कव्हरांना ओरखडे पडणार, आणि ते कागद चिकटवायला जॉय डिव्हिजनची मंडळी बसली होती. आता मजा बघा, आत त्या बँडच्या विनी रायलीची गिटार आहे, इतकी हळुवार की खिडकी उघडी असेल तर बाहेरच्या आवाजात हरवून जाईल. कव्हर म्हणजे संगीताचं भाषांतर असं जे म्हणतात ते मला म्हणूनच अपुरं वाटतं. इथे कव्हर संगीताच्या बरोब्बर उलटं आहे आणि तरी खोटं नाही, नाजूक आहोत पण गोड म्हणून कुणी जवळ घ्यायचं नाही, असं काहीतरी त्यातून निघतं आणि गिटार ऐकताना ते डोक्यात राहतं.

आता माझ्याच कामातलं एक सांगते, कारण थिअरीपेक्षा कागद हातात असला की मला नीट बोलता येतं. तिघांचा एक बँड, संथ गाणी, मधे मधे चांगल्या लांब शांतता. मी एका रिकाम्या खोलीचा अंधारा फोटो निवडला होता आणि पहिलं प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, ग्लॉसी म्हणजे चकचकीत कागदावर काढलं, कारण ग्लॉसीवर काळा रंग खोल दिसतो. गायिकेने प्रूफ हातात घेतलं, जरा तिरकं केलं आणि म्हणाली, "मला यात खोली दिसतच नाहीये, ट्यूबलाइट दिसतेय." खरंच, वरची ट्यूब जशीच्या तशी त्या काळ्यात चमकत होती. ज्या गाण्यांमध्ये ती एवढी मागे सरकून गाते त्यांच्या कव्हरवर आधी दिव्याचं प्रतिबिंब, मग फोटो. त्या एका वाक्याने माझं सगळं काम परत पहिल्यापासून सुरू झालं.

मग बिनचमकीचा, कोटिंग नसलेला पुठ्ठा घेतला. हा कागद शाई पितो. फोटोतले गडद भाग एकमेकांत मिसळले, खोलीतली खुर्ची गायबच झाली, म्हणून मला सावल्या उजळवून परत फाइल बनवावी लागली, स्क्रीनवर फिकट दिसेल इतकी, म्हणजे छापून आल्यावर बरोबर बसेल. तेही जमलं. पण पहिला लॉट आला तर घडीवर काळा रंग फुटला होता, पुठ्ठा जिथे दुमडतो तिथे आतला पांढरा तंतू दिसत होता, वरपासून खालपर्यंत एक दातेरी पांढरी रेघ. छापणाऱ्यांनी लॅमिनेशन करा सांगितलं, त्यांच्या बाजूने बरोबरच होतं, पण प्लॅस्टिकचा थर चढवला की आपण फिरून ट्यूबलाइटपाशी. दोन दिवस मला झोप नव्हती. शेवटी घडीवर शाईच नको असं ठरवलं, फोटो घडीच्या अलीकडेच थांबवला आणि कड पूर्ण कोरी ठेवली, उघडा पुठ्ठा, त्यावर बारीक अक्षरात नाव. शेल्फवर इतर रंगीत कडांमध्ये ती कड म्हणजे जणू कुणीतरी बोलता बोलता थांबलंय. एवढी मोकळी जागा सोडायचं धाडस मला आधी सुचलं नसतं, पण त्या गाण्यांमध्ये ते आधीपासून होतं.

हाताने बनवलेल्या कव्हरांबद्दलही सारखं विचारतात. गाइडेड बाय व्हॉइसेस या अमेरिकन बँडने १९९२ मध्ये 'प्रोपेलर'च्या ५०० प्रती काढल्या आणि प्रत्येकीचं कव्हर वेगळं, हाताने केलेलं. मॉन्ट्रिअलच्या गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर यांची १९९७ ची पहिली रेकॉर्ड अशीच, कव्हरवर फोटो हाताने चिकटवलेला, आत एक पाकीट आणि त्या पाकिटात कागदांबरोबर आगगाडीखाली चपटं झालेलं एक नाणं. नुसतं डोळ्यांसमोर आणा, कुणीतरी रुळावर नाणी मांडली, गाडी जायची वाट बघितली, मग खाली वाकून ती वेचली, शेकडो. तळहातावर ते चपटं नाणं असताना त्यांचं लांबलचक, हळूहळू जड होत जाणारं संगीत ऐकलं की वजन म्हणजे काय ते कळतं. ही जवळजवळ चाळीस मिनिटं घाईने ऐकायची नाहीत हे पाकिटानेच सांगून टाकलेलं असतं.

पण म्हणून मला कुणी येऊन म्हणतं की आमच्या कव्हरवर झिजलेल्या कडा छापून द्या, जुनं दिसायला हवं, तर मी ते काम घेत नाही. छापलेली झीज बोटाला गुळगुळीत लागते आणि हात तेवढा हुशार असतो, त्याला लगेच समजतं. हाताने करायला वेळ नसेल तर साधं छापा, साधेपणातही बँड दिसतो.

द स्मिथ्स या इंग्लिश बँडचं उदाहरण त्यासाठीच देते. चारही स्टुडिओ अल्बमच्या पुढच्या बाजूला बँडमधलं कुणीही नाही, जुन्या सिनेमांतली आणि फोटोंमधली दुसरीच माणसं, बहुतेक एकाच रंगछटेत. १९८६ च्या 'द क्वीन इज डेड'वर हिरवट रंगात फ्रेंच नट अ‍ॅलन डेलॉन आडवा पडलाय. यात महागडं असं काही नाही, ना खास घडी ना कापून केलेली खिडकी, पण चार-पाच रेकॉर्ड शेजारी ठेवल्या की एका घरातल्या वाटतात, आणि आम्हाला कोण आवडतं ते बघा, मग आम्ही कोण ते ओळखा, असा तो प्रकार. पहिल्यांदाच अल्बम करणाऱ्या बँडला मी हेच सांगते की पुढच्या तीन रेकॉर्डनाही पुरेल असा एक नियम शोधा, चित्र नंतर बघू.

आणि शब्द. पिक्सीज या बँडच्या 'डूलिटल' अल्बमचं (१९८९) कव्हर करताना डिझायनर व्हॉन ऑलिव्हर आणि फोटोग्राफर सायमन लार्बलेस्टियर यांना त्या बँडच्या गाण्यांचे शब्द पहिल्यांदाच आधी वाचायला मिळाले होते, म्हणूनच पुढच्या बाजूला माकड आहे आणि त्यावर आकडे आहेत, ते थेट गाण्यातून आलेत. मलाही शब्द आधी लागतात. ऑडिओ फाइल उशिरा मिळाली तरी चालते, शब्दांचा कागद आला नाही तर मी पेन्सिल उचलत नाही.

फोनचं म्हणाल तर तोही प्रश्न खराच आहे, मी टाळत नाही. कव्हर नखाएवढं करून बघते, आकार टिकला तर ठीक. पल्सारच्या रेघा एवढ्याशा झाल्या तरी टिकतात, मात्र सँडपेपर टिकत नाही, नाणं टिकत नाही, आणि स्पिरिच्युअलाइज्ड या बँडचा १९९७ चा अल्बम औषधाच्या खोक्यात, गोळ्यांसारख्या पाकिटात यायचा, सीडी काढायला वरचा चंदेरी पापुद्रा फोडावा लागायचा, तोही टिकत नाही. एकदा फोडला की परत लागत नाही, तुम्ही डोस घेतलेला असतो. हे फोनवर कसं आणणार? त्यामुळे फोनसाठीचं चित्र मी शेवटी बनवते, आणि ते पुठ्ठ्यावरून काढते, पुठ्ठा चित्रावरून कधीच नाही.

त्याच तिघांची दुसरी रेकॉर्ड आता चालू आहे. या वेळी त्यांना शब्द आतल्या पिशवीवर हवेत, पण रेकॉर्ड बाहेर काढून प्लेअरवर ठेवल्याशिवाय वाचता येऊ नयेत असे, म्हणून पिशवीच्या आतल्या बाजूला छापायचं बघतोय, पातळ कागदातून उजेडाला धरल्यावर अक्षरं उलटी दिसतील इतपत. रेकॉर्डला शाई लागायची भीती आहे म्हणून तीन वेगवेगळ्या शायांचे नमुने मागवलेत. प्रूफ उद्या येतंय, गायिकेला बोलावलंय, आणि टेबल ट्यूबलाइटच्या बरोब्बर खाली ओढून ठेवलंय.