डाव्या बाजूचा रंग

काकांनी फोनवर कामांची यादीच वाचून दाखवली होती. जुनं आर्केड मशीन चालू करायचं, आतली पिक्चर ट्यूब काढून तिथे एलसीडी बसवायचा, जॉयस्टिक नवी घालायची आणि डाव्या बाजूचा उडालेला रंग घासून पुन्हा पिवळा मारायचा. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. सकाळी नऊला त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा हत्यारांच्या पेटीबरोबर पॉलिश पेपर आणि पिवळ्या रंगाचा डबाही हातात होता.

मी मूळचा टीव्हीवाला. उमेदीची सगळी वर्षं पिक्चर ट्यूबच्या मागे बसून गेली. ते टीव्ही आता उरले नाहीत. पण वर्षातून चार-पाच वेळा कुणीतरी जुन्या आर्केड मशीनसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमसाठी, मला शोधत येतं, कारण त्यांच्या पोटातही तशीच ट्यूब असते. ही बोलावणी आली की मला मनापासून आनंद होतो.

त्या दिवशीचं मशीन होतं पॅक-मॅन. चक्रव्यूहात फिरत, भुतांना चुकवत ठिपके खायचा खेळ. जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी हा खेळ रचला, १९८० साली. माणसाच्या उंचीचं पिवळं कॅबिनेट, वर नाव लिहिलेली काच, तिच्यामागे ट्यूबलाइट, खाली नाणं टाकायचं दार. एका बंद पडलेल्या आर्केडच्या गोदामात ते कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होतं. काकांनी ते चालू करून न बघताच विकत घेतलं होतं.

"लहानपणी याच मशीनवर खेळायचात का?" मी विचारलं.

"छे हो. ते कुठे गेलं कुणास ठाऊक. हे त्याच्यासारखं, एवढंच."

त्यांची मुलगी बाजूलाच उभी होती. यादीतली एलसीडी आणि रंग ही दोन कामं तिची होती, हे थोड्याच वेळात कळलं. तिने मला बंद पडद्याची काच दाखवली. खिडकीतून उजेड तिरपा पडत होता आणि त्या राखाडी काचेवर संपूर्ण चक्रव्यूह उमटलेला दिसत होता. मशीनला वीज नाही, काही नाही, तरी भिंती, वळणं, मधलं भुतांचं घर, सगळं जागच्या जागी.

"हे डाग जातील ना?" तिने विचारलं.

ते डाग पुसून जाणारे नव्हेत. ट्यूबच्या काचेला आतून फॉस्फरचा थर असतो. इलेक्ट्रॉनचा झोत त्याच्यावर आदळला की तो उजळतो, आणि उजळता उजळता म्हातारा होतो. टीव्हीवर चित्र सारखं बदलत असतं, म्हणून सगळा थर सारखाच झिजतो. इथे मात्र कुणी खेळो न खेळो, तोच चक्रव्यूह त्याच जागी सकाळपासून रात्रीपर्यंत. जिथे भिंती उजळल्या तिथला फॉस्फर थकला. मी तिला हे सांगितलं आणि माझं मतही सांगितलं, की ट्यूब चालत असेल तर काढू नये. या खेळाचं चित्र आडवं २२४ आणि उभं २८८ ठिपक्यांचं आहे. एलसीडीवर तेच ठिपके धारदार चौकोन होऊन समोर येतात. ट्यूबवर ते कडांना एकमेकांत मिसळतात. ज्यांनी हे चित्र काढलं त्यांच्या डोळ्यांसमोर ट्यूबच होती.

"आधी चालू तर होऊ दे," काका म्हणाले.

मग ती मला डाव्या बाजूला घेऊन गेली. जॉयस्टिकच्या उंचीवर, कॅबिनेटच्या कडेला, तळहाताएवढ्या जागेत रंग पार उडाला होता. कडेकडे पिवळा विरळ होत गेलेला आणि मधोमध उघडं लाकूड. पण ते लाकूड खरबरीत नव्हतं. कुऱ्हाडीच्या दांड्याला वर्षानुवर्षांच्या वापराने जशी तुकतुकी येते तशी त्याला आली होती, आणि रंगही तसाच, काळपट तपकिरी. उजव्या बाजूचा पिवळा मात्र जवळपास शाबूत.

ही झीज मी आधीही दोन पॅक-मॅनवर पाहिली होती. जुनी मशीनं जमवणाऱ्यांना ती चांगली माहीत असते. या खेळात गोळी मारायचं बटण नाही, आहे ती एकच जॉयस्टिक. बहुतेकांचा उजवा हात तिच्यावर. डाव्या हाताला काहीच काम नाही, म्हणून तो मशीनची कड धरतो. एकेका नाण्याला एकेक हात, अशी वर्षं गेली की रंग संपतो.

"म्हणजे परक्या लोकांच्या हातांचा मळच की हा," ती म्हणाली. "मग तर काढाच."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. यादीतही ते लिहिलेलंच होतं. मी डबा भिंतीशी ठेवला आणि मागचं दार उघडलं.

आधी ट्यूबचा चार्ज उतरवला. अॅनोडला वीस हजारांवर व्होल्ट असतात आणि मशीन बंद केलं तरी ते काही वेळ ट्यूबमध्ये राहू शकतात. माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, ट्यूबजवळ जाताना डावा हात खिशात. दोन्ही हात आत असले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. इतकी वर्षं झाली, अजूनही मागचं दार उघडलं की माझा डावा हात आपोआप खिशात जातो.

मशीन लावून पाहिलं. पडद्यावर अक्षरांचा आणि रंगांचा कचरा, क्षणभर काळोख, पुन्हा कचरा. प्रोग्रॅम जागेवर नसला की बोर्डावरचं एक सर्किट, ज्याला वॉचडॉग म्हणतात, ते प्रोसेसरला परत पहिल्यापासून सुरू करायला लावतं. मशीन दर खेपेला उठायचा प्रयत्न करत होतं आणि पडत होतं. पाच व्होल्टच्या जागी मीटरने ४.६ दाखवले. या बोर्डाला ट्रान्सफॉर्मरमधून एसी येतो आणि पाच व्होल्टचा डीसी बोर्डावरच तयार होतो. तो सगळा भार कनेक्टरच्या मोजक्या पट्ट्यांमधून जातो. पट्ट्या सैल झाल्या की तापतात, तापल्या की काळ्या पडतात. इथे कुणीतरी पूर्वी तारा थेट बोर्डाच्या कडेला सोल्डर करून वेळ मारून नेली होती आणि ते सोल्डर सुटलं होतं. ते उपसून काढलं, पट्ट्या घासल्या, त्यांना नवा मुलामा दिला, नवा कनेक्टर बसवला. ४.९८ आले.

कचरा तरीही तसाच. यावेळी वॉचडॉगची धडपड थांबली होती, पण मशीनची स्वतःची चाचणी मेमरीवर येऊन अडत होती.

आता खरं काम सुरू झालं. मला हाच भाग सगळ्यात आवडतो. बोर्डावर २११४ नंबरच्या सहा रॅम चिपा, म्हणजे मशीनची चालती मेमरी, एका ओळीत असतात. एकेका चिपेतून एका वेळी चारच बिट येतात, म्हणून आठ बिटांसाठी त्या जोडीने काम करतात. एक जोडी पडद्यावर कुठे काय आहे ते धरून ठेवते, दुसरी रंग आणि तिसरी खेळाचा चालू हिशोब. यासाठी भारी यंत्रं मिळतात. पण मी आधी बोट लावतो. पहिली कोमट, दुसरी कोमट, तिसरी, चौथी तशीच. पाचवीवर बोट ठेवलं आणि चटका बसून मागे घ्यावं लागलं.

चिप अख्खी काढायच्या भानगडीत मी पडत नाही, जुन्या बोर्डाचे ट्रॅक लगेच उचलले जातात. अठराच्या अठरा पाय वरून कातरले, अंग बाजूला केलं, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने अलगद ओढून घेतला. पम्पाने भोकं मोकळी केली, सॉकेट बसवलं, माझ्या डब्यातल्या एका मेलेल्या बोर्डावरची चांगली चिप त्यात दाबली. या सगळ्याला पाऊण तास लागला. तेवढा वेळ काका स्टुलावर बसून होते आणि एक शब्द बोलले नाहीत.

बटण दाबलं. कचरा आला, पण फक्त एक क्षण. मग पडदाभर पांढऱ्या रेघांची जाळी, मग काळोख, आणि त्या काळोखात चार भुतं एकेक करून आपापल्या नावानिशी उभी राहिली. लाल, गुलाबी, आकाशी, नारिंगी. चित्र कडांना वाकडं होतं, ते मॉनिटरचे कपॅसिटर बदलल्यावर सरळ झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही.

मशीन तापू द्यायला तासभर तसंच चालू ठेवलं. तेवढ्यात काका बोलायला लागले. तो काळोखा हॉल, पन्नास मशीनं एकदम वाजत असलेली, आणि काचेच्या खालच्या कडेला ओळीने मांडलेली नाणी. ज्याचं नाणं त्याचा नंबर. त्यावरून भांडण झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मुलीने विचारलं, हा खेळ संपतो कुठे? संपत नाही. सगळे ठिपके खाल्ले की पुढची पाळी येते. मात्र २५६व्या पाळीला पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो, कारण पाळीचा आकडा आठ बिटांत ठेवलेला आहे आणि तिथे तो मावेनासा होतो. काकांनी हे तेव्हाही ऐकलं होतं. बघितलेला माणूस मात्र त्यांना भेटला नव्हता.

बोर्डावर फुकट खेळाची सोय असते, दोन छोटे स्विच फिरवले की नाण्याची गरज उरत नाही. मी तसं म्हणालो.

"नको," काका म्हणाले. "नाणं टाकूनच."

नाणं आत घरंगळल्याचा आवाज झाला. सुरुवातीची धून वाजली. काका पाय किंचित फाकवून उभे राहिले, उजवा हात जॉयस्टिकवर. मी मागे थोडा बाजूला, चित्र हलतंय का ते पाहायला.

ते थांबत नव्हते. वळणावर विचार करत नव्हते. भुतं कुठे आहेत याच्याकडे त्यांचं लक्ष होतं असंही वाटेना. डावीकडे, खाली, परत डावीकडे, वर. लाल भूत अगदी पाठीशी आलं तरी हात तोच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते पाठ केलेली वाट चालत होते. ही भुतं मनाला येईल तशी फिरत नाहीत. लाल थेट मागे लागतं. गुलाबी तुमच्या चार घरं पुढची जागा धरायला बघतं. नारिंगी जवळ आलं की माघार घेतं. तुम्ही मोठी गोळी खाल्लीत की ती निळी होऊन पळतात, तेव्हा दैवावर वळल्यासारखी दिसतात, पण तो क्रमसुद्धा दर पाळीला तोच असतो. तुम्ही तेच वळण त्याच क्षणी घेतलंत तर भूतही तेच वळण घेतं. तेव्हाही आणि आजही. २४० ठिपके आणि ४ मोठ्या गोळ्या, एकही न चुकवता त्यांनी पहिली पाळी साफ केली.

दुसऱ्या पाळीच्या मध्यावर काका किंचित अडखळले. लाल आणि गुलाबी दोन्ही बाजूंनी आली. आणि मी त्यांचा डावा हात पाहिला. तो कधी उठला मला कळलं नाही. चार बोटं कॅबिनेटच्या बाहेर, अंगठा आत, आणि तळवा बरोबर त्या उघड्या लाकडावर. बोटांची टोकं पांढरी पडली होती इतकं घट्ट धरलेलं. वळण घेतलं की सगळं अंग तिकडे झुकायचं आणि हात लाकडावर दोरभर घासला जायचा. झालेली झीज मी पूर्वी पाहिली होती, होताना कधीच नाही. माझा स्वतःचा डावा हात त्या वेळी खिशात होता.

तिसऱ्या पाळीत त्यांचे सगळे जीव गेले. ते मागे सरले, चष्मा काढून पुसला, परत लावला. "तिसरी पाळी मला कधीच पाठ नव्हती," एवढंच म्हणाले.

मुलगी म्हणाली, "बघू, मी."

तिला वाट माहीत नव्हती. ती भुतांकडे बघत, दचकत, मागे फिरत खेळत होती. सुरुवातीला तिचा डावा हात कमरेवर होता. मग जवळच्या बोगद्यातून ती पलीकडे निघाली आणि समोरून गुलाबी आलं. "बाबा, बाबा," असं म्हणत तिने मशीनची कड पकडली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. दोघंही काही बोललो नाही.

खेळ संपल्यावर तिने हात काढला नाही. मान वळवून तो कुठे आहे ते पाहिलं, मग उचलला, खालच्या लाकडावरून अंगठा फिरवला आणि पुन्हा तिथेच ठेवून पाहिला.

"तो डबा उघडलाय का तुम्ही?" तिने मला विचारलं.

"नाही."

"मग राहू द्या."

मी वही काढली. कनेक्टर, रॅम एक, कपॅसिटर, यांच्यापुढे खुणा केल्या. जॉयस्टिकचे कॉन्टॅक्ट कोऱ्या कागदाच्या पट्टीने घासले तेवढ्यावरच ती नीट चालू लागली होती, म्हणून नवी जॉयस्टिक खोडली. एलसीडी खोडला. रंगाच्या ओळीवर पेन टेकवलं आणि काकांकडे पाहिलं. ते खिशात आणखी नाणी चाचपत होते.

"खोडा हो," ते मान वर न करता म्हणाले.