तुम्ही विचारलंत म्हणून: पोर्तुगालचा स्वातंत्र्यदिन कधी असतो?

सुटीत सावंतवाडीला गेले की हा प्रश्न ठरलेला असतो. विचारणारे बहुधा आमचे मामा असतात किंवा त्यांच्या ओसरीवर चहाला येऊन बसलेले कोणी शेजारी, आणि विचारण्यात थोडी चेष्टाही असते: "ज्यांनी गोवा साडेचारशे वर्षे सोडला नाही, त्यांचा स्वतःचा स्वातंत्र्यदिन तरी कधी असतो गो?" लिस्बनमध्ये राहायला लागून मला अकरा वर्षे झाली, तरी याचे उत्तर चहा संपेपर्यंत देऊन होईल असे कधी झालेले नाही. म्हणून या खेपेस ते लिहूनच काढते.

पुस्तकी उत्तर द्यायचे तर तारीख १ डिसेंबर. १५७८ मध्ये तरुण राजा सेबाश्तियाँव मोरोक्कोतल्या लढाईत निपुत्रिक मारला गेला, दोन वर्षांत स्पेनच्या फिलिपने पोर्तुगालचे सिंहासन बळकावले आणि पुढची साठ वर्षे दोन्ही देशांवर एकच राजा राहिला. १ डिसेंबर १६४० रोजी सरदारांच्या एका गटाने लिस्बनच्या राजवाड्यात शिरून स्पेनधार्जिण्या मंत्र्याला ठार केले, त्याला खिडकीतून खाली फेकले आणि ब्रागांसाच्या ड्यूकला राजा म्हणून घोषित केले. त्या घटनेचा स्मारकस्तंभ लिस्बनच्या 'आव्हेनिदा द लिबरदाद' या मोठ्या रस्त्याच्या खालच्या टोकाला १८८६ पासून उभा आहे. हा रस्ता लक्षात ठेवावा, कारण तो पुन्हा येणार आहे. मात्र या दिवसाला लोकांच्या मनात किती जागा आहे, ते अगदी अलीकडे दिसून आले. २०११ मध्ये देश कर्जात बुडाला, ७८ अब्ज युरोंची मदत घ्यावी लागली आणि खर्च व कामाचे तास यांचा हिशेब मांडताना सरकारने २०१३ पासून चार सुट्या स्थगित केल्या. त्यांपैकी दोन धार्मिक होत्या आणि दोन राष्ट्रीय: ५ ऑक्टोबरचा प्रजासत्ताक दिन आणि हा १ डिसेंबर. स्वतःचा स्वातंत्र्यदिन तीन वर्षे कामाचा दिवस करून टाकणारा देश मी दुसरा पाहिलेला नाही. वर्तमानपत्रांत लेख आले, थोडी आदळआपट झाली, आणि २०१६ मध्ये चारही सुट्या परत मिळाल्या. आपल्याकडे १५ ऑगस्टच्या बाबतीत असे सुचवण्याचीही कोणाची छाती झाली नसती. (१५ ऑगस्टला इथेही सुटी असते, पण ती मेरीच्या स्वर्गारोहणाची. माझ्या मावशीला अजून वाटते की ती भारतीयांना आदराने दिलेली आहे.)

मग राष्ट्रीय दिन कोणता? तो १० जून. इथे आल्यावरचा पहिला १० जून मला चांगला आठवतो, कारण मी सकाळी लवकर आवरून संचलन पाहायला बाहेर पडले होते आणि शहरात चिटपाखरू नव्हते. दुकाने बंद, ट्रॅम रिकाम्या, झेंडा एखाद्या सरकारी इमारतीवर. नंतर कळले की मुख्य समारंभ दर वर्षी वेगवेगळ्या गावी होतो, २०१६ पासून त्याचा एक भाग परदेशातल्या पोर्तुगीज वस्तीतही नेण्याची प्रथा पडली आहे, आणि लिस्बनकर त्या दिवशी हवा चांगली असेल तर समुद्रावर जातात.

हा दिवस एका कवीच्या मृत्यूचा आहे, ही गोष्ट मात्र मला फार आवडते. लुईश द कामोंइश १० जून १५८० रोजी वारला असे मानतात, म्हणजे ज्या वर्षी देश स्पेनच्या हाती गेला त्याच वर्षी. १५७२ साली छापलेले त्याचे दहा सर्गांचे महाकाव्य वास्को द गामाच्या भारतप्रवासावर रचलेले आहे, आणि कवी स्वतः १५५३ मध्ये गोव्याला आला होता. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात त्याचा ब्राँझचा पुतळा मी शाळेच्या सहलीत पाहिला होता, तेव्हा तो कोण हे बाईंनीही सांगितले नव्हते. पण या कवीला प्रत्येक राजवटीने आपल्या सोयीचा अंगरखा चढवला. १८८० मध्ये त्याच्या त्रिशताब्दीचा उत्सव राजेशाहीविरोधी मंडळींनी गाजवला. त्यांच्यातले तेओफिलो ब्रागा पुढे १९१० च्या क्रांतीनंतर हंगामी सरकारचे प्रमुख झाले. हुकूमशहा सालाझारने १९४४ मध्ये याच तारखेला राष्ट्रीय क्रीडागाराचे उद्घाटन करताना या दिवसाला 'वंशाचा दिवस' म्हटले. १९६३ पासून आफ्रिकेतल्या वसाहतींच्या युद्धात पडलेल्या सैनिकांच्या आयांना आणि विधवांना या दिवशी लिस्बनच्या नदीकाठच्या चौकात पदके दिली जात. १९७८ पासून त्याचे नाव 'पोर्तुगालचा, कामोंइशचा आणि पोर्तुगीज समुदायांचा दिवस' असे लांबलचक आहे. त्या नावात देश आहे, कवी आहे आणि देश सोडून गेलेले लोकही आहेत, आणि माझ्या मते तेवढा भाग खरा आहे. जेरोनिमुश मठात कामोंइशची देखणी समाधी आहे, परंतु १७५५ च्या भूकंपानंतर त्याच्या अस्थींची नीट ओळख पटवणे अशक्य होते, त्यामुळे त्या दगडाखाली नेमके कोण आहे याची खात्री कोणी देत नाही.

लोक ज्या दिवशी आपण होऊन रस्त्यावर येतात, असा राष्ट्रीय दिवस एकच, आणि तो २५ एप्रिल. १९७४ साली त्या पहाटे तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही एका दिवसात उलथली. उपाहारगृहात काम करणाऱ्या सेलेश्त कायेरू या बाईने सिगारेट मागणाऱ्या सैनिकाला, जवळ सिगारेट नव्हती म्हणून, हातातले कार्नेशनचे लाल फूल दिले, त्याने ते बंदुकीच्या नळीत खोवले आणि क्रांतीला नाव मिळाले. दर वर्षी त्याच आव्हेनिदावरून हजारो माणसे कार्नेशन घेऊन चालतात. मीही चालते, आणि मामांना आवर्जून सांगते की यात आपलाही एक धागा आहे. लिस्बनहून काशकाइशकडे जाणाऱ्या लोकलने काशियास हे स्टेशन लागते. तिथल्या तुरुंगात सांगलीचे मोहन रानडे गोवा मुक्तीच्या लढ्यापायी होते, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तरी त्यांची सुटका १९६९ च्या जानेवारीत झाली. क्रांतीनंतर दोनच दिवसांत त्या तुरुंगातले राजकीय कैदी बाहेर आले, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार दिल्लीत केला. सालाझारने, आणि त्याच्या मागून आलेल्याने, जे तेरा वर्षे नाकारले ते या फुलांच्या क्रांतीने आठ महिन्यांत केले. तेव्हा मामांच्या चेष्टेला उत्तर द्यायचे झाले तर मी ही तारीख पुढे करते.

पण 'पोर्तुगीज माणसाचा सण कोणता' असे कोणी विचारले, तर वरच्या तिन्ही तारखा मी बाजूला ठेवीन. या देशात ३०८ नगरपालिका आहेत आणि प्रत्येकीला वर्षातली एक सुटी स्वतःची असते. लिस्बनची १३ जूनला, सांतू आंतोनियूची. पादुआचा म्हणून जगभर ओळखला जाणारा हा संत मुळात लिस्बनच्या मुख्य चर्चच्या शेजारी जन्मला, यावर इथले लोक हटून असतात. शहराचा अधिकृत संत दुसराच आहे, हे त्यांना ठाऊक असते आणि त्याने काही बिघडत नाही.

मी मोराऱ्यात राहते. मूर म्हणजे मुसलमान लोकांची म्हणून वसलेली ही जुनी वस्ती, आणि आता तिथे बांगलादेशी, नेपाळी व गुजराती दुकाने आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात गल्लीत या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत कागदी पताका बांधल्या जातात, दारात बाके येतात, आणि आमच्या तळमजल्यावरच्या आजीबाई आपली लोखंडी शेगडी बाहेर काढतात. १२ च्या रात्री त्या शेगडीवर मिठाचे जाड खडे लावलेल्या तारल्या भाजल्या जातात. तारली पावाच्या जाड कापावर ठेवून हाताने खायची, काटे बाजूला काढत जायचे आणि तीन-चार तारल्यांचे तेल प्यायलेला तो पाव सगळ्यात शेवटी खायचा. सोबत 'काल्दू व्हेर्द' म्हणजे बटाट्याच्या पातळ पिठल्यासारख्या सारात बारीक चिरलेली हिरवी पाने. पावाला ते 'पांव' म्हणतात, बटाट्याला 'बताता' आणि पानांना 'कोव्ह', म्हणजे आपला कोबी. हे तिन्ही शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतले, त्यामुळे पहिल्या वर्षी भाषा येत नसतानाही माझे जेवण अडले नाही.

त्याच रात्री घरोघर 'मांजेरीकू'ची कुंडी येते. हे तुळशीच्या कुळातले, अगदी बारीक पानांचे, चेंडूसारखे गोल झुडूप असते. त्यात कागदाचे कार्नेशन आणि चार ओळींचे यमकबद्ध पद खोवलेले असते, साधारण आपल्या उखाण्याच्या वळणाचे, बहुधा प्रेमाचे आणि क्वचित चावट. त्याचा वास नाक लावून घ्यायचा नाही, नाहीतर ते कोमेजते म्हणतात. पानांवर तळवा ठेवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. आईने व्हिडिओ कॉलवर हे पाहिले तेव्हा तिला त्यात नवल वाटले नाही, "देवाचे झाड असेल तर हुंगतात कशाला," एवढेच ती म्हणाली. लहान मुले जिन्यावर पायऱ्यापायऱ्यांचा छोटा देव्हारा मांडून येणाऱ्याजाणाऱ्याकडे 'संतासाठी एक पैसा' मागतात. १७५५ च्या भूकंपात पडलेले त्याचे चर्च पुन्हा बांधण्यासाठी मुलांनी पैसे गोळा केले, तेव्हापासून ही रीत चालत आल्याचे सांगतात.

त्याच संध्याकाळी आव्हेनिदावर एकेका वस्तीचा जथा गात-नाचत येतो. कमानी, कंदील, ठरावीक रंगांचे पोशाख, आणि शेवटी पहिला क्रमांक. मोराऱ्या, आल्फामा, बीका या वस्त्यांची त्या एका क्रमांकासाठी जी ईर्ष्या चालते, ती पाहिली म्हणजे हे शेकडो वर्षांचे असणार असे वाटते. प्रत्यक्षात हे जथे १९३२ च्या जूनमध्ये सुरू झाले. सालाझार पंतप्रधान होण्याच्या काही आठवडे आधी, या रस्त्याला लागून असलेल्या नाट्यगृहांच्या आवारात चित्रपट दिग्दर्शक लैताँव द बारुश यांनी ही कल्पना मांडली, आणि पुढे हुकूमशाहीने गरीब पण आनंदी जनतेचे चित्र म्हणून ते जथे हौसेने वापरले. मला हे समजले तेव्हा थोडा विरस झाला होता. मग आमच्या आजीबाईंना विचारले. त्या तरुणपणी सात वर्षे या जथ्यात नाचल्या आहेत. त्या म्हणाल्या, सालाझार कधी कमान उचलायला आला नव्हता, खांदे आमचे दुखत होते. यावर मला काही बोलता आले नाही.

पोर्तूमध्ये हाच मान २४ जूनच्या सांव जुआँवला, संत जॉनला, आहे. १९११ मध्ये तिथल्या एका वर्तमानपत्राने वाचकांची मते घेतली आणि शहराची सुटी त्यावरून ठरली. आदल्या रात्री माणसे एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकचे हातोडे हाणतात. पूर्वी त्यासाठी फुलावर आलेली लसणीची लांब कांडी असे, हातोडा आला १९६३ मध्ये. मला पहिला फटका एका सत्तरीच्या बाईंनी दिला आणि वर शुभेच्छाही दिल्या. लोक शेकोट्यांवरून उड्या मारतात, मध्यरात्री दोरू नदीवर दारूकाम होते. हाच संत गोव्यात गेला आणि त्याचे सगळे पाण्याचे झाले: तिथे २४ जूनला पावसाळा भरात असतो, म्हणून जावई डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून विहिरीत उड्या घेतात आणि शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात. पोर्तूच्या मित्रांना मी विहिरीचा व्हिडिओ दाखवला तेव्हा त्यांना आधी धक्का बसला आणि मग हेवा वाटला.

बाकी उन्हाळा खेड्यांचा. पोर्तुगीज भाषेत 'तेर्रा' म्हणजे जमीन, मातीही, आणि 'माझी तेर्रा' म्हणजे माझे गाव. लिस्बनमध्ये जन्मलेला माणूसही 'तुमची तेर्रा कोणती' असे विचारल्यावर आजोबांच्या गावाचे नाव सांगतो, अगदी आपल्यासारखे. १९६० च्या दशकात लाखो माणसे, बरीचशी चोरवाटेने डोंगर ओलांडून, फ्रान्सला कामाला गेली. त्यांची मुले-नातवंडे ऑगस्टमध्ये परततात, तेव्हा अकरा महिने म्हाताऱ्यांनीच राखलेल्या गावात फ्रेंच नंबराच्या गाड्या लागतात, लग्ने आणि बारसे त्याच महिन्यात उरकली जातात, आणि गावच्या संताची मिरवणूकही त्यांना सोयीच्या रविवारी नेली जाते. गणपतीला कोकणात येणारे चाकरमानी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना अधिक सांगायला नको. व्हियाना दु काश्तेलूला २० ऑगस्टच्या आदल्या रात्री कोळीवस्तीतले लोक रंगीत मिठाचे गालिचे रस्त्यावर घालत जागतात, आणि दुसऱ्या दिवशी मिरवणूक त्यावरून चालून जाते. तोमारला दर चार वर्षांनी मुली आपल्या उंचीइतकी पावांची उतरंड डोक्यावर घेऊन चालतात. पुढची खेप २०२७ च्या जुलैत आहे.

तेव्हा मामा, तुम्ही खरोखरच येणार असाल तर १ डिसेंबरचे तिकीट काढू नका, तेव्हा इथे पाऊस असतो. १० जूनला या, दोन दिवस झोप काढा आणि १२ च्या संध्याकाळी जुना सदरा घालून खाली उतरा. तारल्यांच्या धुराचा वास दोन धुण्यांशिवाय जात नाही, आणि आजीबाई बाकावर जागा धरून ठेवतो म्हणाल्या आहेत.