तसबीर आणि तिकीट

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ गेल्या महिन्यात मी पुन्हा वाचून काढले. हरिपूरच्या देवलांचे शालेय शिक्षण बेळगावात झाले, काही काळ त्यांनी इथेच शिक्षकीही केली, आणि त्यांचे नाट्यगुरू अण्णासाहेब किर्लोस्कर तर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यामुळे बेळगावच्या शहापुरात वाढलेल्या मला हे नाटक घरचेच वाटते. कथानकाचे मूळ मात्र मोलिएरच्या १६६० मधल्या प्रहसनात आहे. त्यावर बेतलेल्या आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून देवलांनी आधी गद्य नाटक लिहिले, आणि त्याचे संगीत रूप १९१६ साली, त्यांच्या निधनानंतर, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले.

या नाटकात खलनायक नाही, याचे मला प्रत्येक वाचनात नव्याने आश्चर्य वाटते. भर रस्त्यात रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या, दृष्टीस पडते. रेवतीजवळची, तिच्या प्रियकराची म्हणजे अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि ती पाहताना फाल्गुनराव तिला पाहतो. जे दिसले ते खरेच घडलेले असते. खोटी असते ती फक्त मनाने त्याला जोडलेली पुढची गोष्ट, आणि संशयी माणूस त्या जोडकामालाच पुरावा समजतो. म्हणूनच समोरच्याने शपथ घेतली तरी फाल्गुनरावाचे समाधान होत नाही. उलट, शपथ घ्यावी लागली म्हणजे पाणी मुरते आहे, असे त्याला वाटते. देवलांना माणसाचे मन किती आतून कळले होते!

चार वर्षांपूर्वी आमच्याच घरी अशी एक तसबीर निघाली होती. धुण्याला टाकलेल्या दादाच्या शर्टाच्या खिशात वहिनीला पणजीच्या बसचे तिकीट सापडले, आणि त्या दिवशी तर तो खानापूरला कामासाठी जातो म्हणून घरातून निघाला होता. वहिनीने ते चुरगळलेले तिकीट तळहाताने सरळ केले, घडी घालून मोहरीच्या डब्याखाली ठेवले आणि आठ दिवस ती अवाक्षर बोलली नाही. फोन वाजला की तिचे लक्ष दादाकडे जाई, ते पाहून दादा फोन घेऊन अंगणात जाई, आणि तो अंगणात गेला की तिचा संशय आणखी बळावे. मानेवरची गाठ दाखवायला तो गोव्याच्या डॉक्टरांकडे गेला होता. गाठ साधी निघाल्याचे कळेपर्यंत घरात सांगायचे नाही, असे त्याने ठरवले होते.

तपासणीचा कागद त्याने अखेर तिच्यापुढे ठेवला तेव्हा वहिनीने मोहरीचा डबा उचलून खालचे तिकीट काढले आणि कागदाशेजारी ठेवले.

“मी इचारलं असतं तर खरं सांगणार होतासा काय?”

दादाला उत्तर द्यायला बराच वेळ लागला.