वर्गणीची शाळा आणि उचलीची शाळा

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी दोन वर्षे सदस्य होतो. त्या काळात पालकांकडून आणि गावकऱ्यांकडून वर्गणी गोळा करून आम्ही संरक्षक भिंतीचे रखडलेले काम पुरे केले, दोन वर्गांत मोठे टीव्ही बसवले आणि एक शिक्षकपद रिकामे राहिले तेव्हा गावातल्याच डी.एड. झालेल्या मुलीला मानधनावर नेमून वर्ग सांभाळायला दिला. ग्रामसभेत हिशेब वाचताना टाळ्या पडल्या आणि मलाही, खोटे कशाला सांगू, अभिमान वाटला.

माझी धाकटी बहीण बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात एका तांड्यावरच्या शाळेत शिकवते. त्या दिवाळीत मी तिला शाळेचे फोटो दाखवले, तेव्हा ती सहज म्हणाली, "दादा, आमच्याकडे आता वर्गणी मागायला गेलं तर दाराला कुलूप असतं." तिच्या शाळेतले बहुतेक पालक मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीला जातात, ती फेडेपर्यंत नवरा-बायको दोघेही फडावर असतात आणि मुले आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर राहतात. गळीत हंगाम संपेपर्यंत समितीची बैठक बोलावली तरी गणपूर्ती होत नाही.

समग्र शिक्षा अभियानातून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10 हजार रुपये आणि 101 ते 250 पटाच्या शाळेला 50 हजार रुपये, असे त्याचे टप्पे आहेत. दर मुलामागे हिशेब मांडला तर 26 पटाची बहिणीची शाळा आमच्या 180 पटाच्या शाळेपेक्षा उलट फायद्यातच दिसते. मात्र छप्पर पट पाहून गळत नाही आणि विजेचे बिलही मुले मोजून येत नाही. तिच्या शाळेची वीज थकबाकीपायी तोडली गेली होती. आमच्या शाळेची तशीच थकबाकी एका पालकाने, जो वाहतूक ठेकेदार आहे, एका संध्याकाळी भरून टाकली. अनुदानातील फरक किरकोळ आहे, खरी दरी त्याच्या वर पडणाऱ्या पैशाने रुंदावते.

तो पैसाही नुसता पालकांचा नसतो. आमच्या गावाला औद्योगिक वसाहत लागून आहे, आणि कंपन्यांनी सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी खर्च करताना आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे 2013 चा कंपनी कायदाच सांगतो. जिथे कारखाना आहे तिथे रोजगार आहे, जिथे रोजगार आहे तिथे वर्गणी देणारे पालक आहेत, आणि संगणकही तिथेच येतात. पाटोद्यातला माणूस ज्या साखर कारखान्यासाठी ऊस तोडतो, तो कारखाना त्याच्या तांड्यापासून शेकडो किलोमीटर दूर असतो.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक घेतले आणि तिच्याकडून शाळा विकास आराखडा मागितला, तो सरकारने त्यावरून अनुदान द्यावे म्हणून. आमच्या हाती तो आराखडा देणगीदारांपुढे ठेवायची यादी होऊन बसला. पुढे 2023 साली 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' हे अभियान आले, त्यात पालक, माजी विद्यार्थी अशा घटकांच्या सहभागालाही गुण होते आणि राज्यातील पहिल्या क्रमांकाला 51 लाखांचे बक्षीस होते. गावाची ऐपत कागदावर गावाची आस्था म्हणून नोंदवली जाते, हे मला यातले सर्वांत वाईट वाटते. पर्यवेक्षणाला आलेल्या साहेबांनी माझ्या बहिणीला विचारले होते की लोकसहभाग शून्य कसा. तांड्यावरच्या बायका पावसाळ्यापूर्वी येऊन शाळेची जमीन सारवून जातात, ते कुठल्या रकान्यात लिहायचे, हे तिला कळले नाही.

अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या सार्वजनिक शाळांमध्ये कित्येक वर्षे असा नियम होता की पालकांनी शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या पदांसाठी जमवलेल्या निधीपैकी पहिले 10 हजार डॉलर त्या शाळेने ठेवावेत आणि त्यापुढील रकमेचा एक तृतीयांश भाग शहरातल्या गरजू शाळांसाठी द्यावा. श्रीमंत शाळा तरीही पुढेच राहिल्या, पण निदान आपण पुढे आहोत हे त्यांना दर वर्षी मोजून पाहावे लागले.

ते वाचल्यावर मी आमच्या बैठकीत प्रस्ताव ठेवला की वर्गणीतला दहावा हिस्सा आपल्याच केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, वीटभट्टीजवळच्या शाळेला द्यावा. पाटोदा लांब राहिले, ही शाळा चार किलोमीटरवर आहे. कोणी विरोध केला नाही. एकाने विचारले, "आपल्या पोरांसाठी दिलेला पैसा दुसऱ्या गावाला दिला, तर पुढच्या वर्षी कोण वर्गणी देईल?" त्या प्रश्नात तथ्य होते, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला. त्यानंतर समितीची मुदत संपली; नव्या समितीच्या विषयपत्रिकेवर सध्या ई-लर्निंग कक्षाला वातानुकूलन यंत्र बसवण्याचा विषय आहे, आणि त्यासाठी वर्गणी मागायला परवा ते माझ्याही दारी येऊन गेले. मी दिली.