दोन सूत

आमच्या घराची एकही भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही, हे मला बारा वर्षं राहून कळलं नव्हतं. सुतारमामांना ते बारा मिनिटांत कळलं. त्यांनी कोपऱ्यात गुण्या लावला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "ताई, इथं तीन फुटांत चार सूत पळालीय भिंत."

भिंत पळालीय हे मला इतकं आवडलं की बिल्डरवर चिडायचं राहूनच गेलं.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. प्लायवूडच्या दुकानात सगळे 18 एमएम, 19 एमएम असं बोलतात, मामांच्या टेपवरही सेंटिमीटर छापलेले आहेत. पण सांधा बसवायची वेळ आली की मामा सुतावर येतात. "दोन इंच सहा सूत" असं पुटपुटत पेन्सिल कानावरून काढतात, रेघ मारतात आणि पेन्सिल परत कानावर. सुतार हा शब्दच मुळात सूत्रधारावरून आलाय. नाटकातला सूत्रधार रंगमंचावर ऐटीत मिरवतो आणि त्याचा हा सख्खा भाऊ आमच्या बाल्कनीत उकिडवा बसून रंधा मारतो.

आम्हाला जेवणाचं टेबल हवं होतं. तयार घ्यायला आम्ही रीतसर गेलोही होतो. एसी दुकान, चकचकीत टेबल, वर खोटी सफरचंदं. माझे सासरे अण्णा खुर्चीत बसले आणि सवयीनं त्यांनी पाय वर घेतले. गुडघा टेबलाच्या खालच्या पट्टीवर असा आपटला की सफरचंदं हलली. विक्रेता अदबीनं म्हणाला, "सर, पाय खाली सोडून बसायचं." अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जेवायला कसं बसायचं हे शिकवणारा भेटला म्हणून त्यांना गंमत वाटली की राग आला, ते कळलं नाही. पण टेबल आलं नाही.

मांडी घातल्याशिवाय जेवण अंगी लागत नाही अशी आमच्या घराची ठाम समजूत. जमिनीवरून उठवत नाही म्हणून खुर्ची आली, पण मांडी खुर्चीवर चढून बसली. माझा नवरा तर ऑफिसच्या खुर्चीतही मांडी घालतो. हे मी मामांना ओशाळून सांगितलं. ते अजिबात हसले नाहीत. त्यांनी अण्णांना स्टुलावर मांडी घालून बसवलं आणि टेप लावला.

मग हिशेब सुरू झाला. टेबल 30 इंच उंच, खुर्चीची बैठक 18 इंचांवर. मधे उरले 12. त्यातली एक इंच फळी, चार इंच फ्रेमची पट्टी. राहिले सात. अण्णांचा गुडघा बैठकीपासून साडेसात इंच वर. "म्हणजे आपटणारच," मामा म्हणाले, जणू दुकानातला प्रसंग त्यांनी पाहिला होता. पट्टी अडीच इंचांवर आली, खुर्च्यांची बैठक 21 इंच रुंद झाली, हात गेले. शिंप्याकडे आपण छाती-कंबर देतो, तशी आमच्या घरानं टेबलासाठी मांडी दिली.

मला मात्र चमचे ठेवायला ड्रॉवर हवा होता. अडीच इंचांच्या पट्टीत ड्रॉवर बसवला तर त्यात चमचे नाहीत, फार तर पत्ते राहतील. "ड्रॉवर की मांडी?" मामांनी विचारलं. मी विचारात पडले. तेव्हा तेच म्हणाले, "ताई, तुमच्या बाजूला करू की. तुम्ही कुठं मांडी घालताय? निम्मं जेवण उभ्यानंच चाललंय तुमचं."

या माणसानं आमच्याकडे दोनदा चहा आणि एकदा पिठलं-भाकरी घेतली होती. एवढ्यात त्यानं माझंही माप घेऊन ठेवलं होतं. नवरा एकदम ताटात बघू लागला. टेबलाची एक अरुंद बाजू भिंतीला, समोरची माझी. तिथं पट्टी पाच इंच झाली आणि ड्रॉवर आला.

लाकूड घरचंच होतं. गावचं घर उतरवलं तेव्हाच्या सागाच्या तीन तुळया चुलतसासऱ्यांच्या गोठ्यात पडून होत्या. धुरानं काळ्या ठिक्कर, वर शेणाचे शिंतोडे. सॉ मिलवाल्यानं त्या बघून सरळ हात वर केले, कारण जुन्या लाकडात खिळा दडलेला असतो आणि एक खिळा लागला की पातं गेलं. मामांनी लोहचुंबक दोऱ्याला बांधला आणि तुळईवरून इंच-इंच फिरवला. चुंबक ओढ घेई तिथं खडूची फुली. सतरा खिळे निघाले. एक होता वीतभर, चौकोनी, घडीव. तो अण्णांनी मागून घेतला. कंदील टांगायचा खिळा हाच, असं त्यांचं म्हणणं. हाच कशावरून, ते आम्ही विचारलं नाही.

पहिला रंधा फिरला तेव्हा मी बाल्कनीतच होते. काळ्या सालपटाखालून मधासारखा रंग वर आला, कुरळ्या ढलप्या पायाशी पडल्या आणि वास सुटला. चामड्याचा, तेलाचा, थोडा कडसर. सागाच्या गाभ्यात तेल असतं, वाळवी म्हणून त्याच्या वाटेला जात नाही. बाहेरचा फिकट पट्टा मात्र किडीचा खाऊ, तो मामांनी निर्दयपणे काढून टाकला. मुलीनं एक ढलपी वहीत ठेवली. आठ दिवस तिच्या गणिताला सागाचा वास येत होता.

खुर्च्यांना लाकूड कमी पडलं म्हणून भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात जावं लागलं. "कुठला देऊ? बल्लारशा, घाना, नायजेरिया?" मला वाटलं होतं साग म्हणजे साग. दुकानदारानं मला बसवून घेतलं आणि 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूरकडचाच, म्हणजे बल्लारशाचा, साग गेला, हे असं सांगितलं की जणू ट्रकमध्ये तोच बसला होता. भाव ऐकून मी घानाकडे वळत होते. मामांनी फळी उभी धरली, नखानं खरवडली, वास घेतला आणि मान हलवली. बल्लारशाच आला. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, गुणाकाराला 144 नं भागायचं की घनफूट निघतं. दुकानदारानं ते तोंडी केलं, मी फोनवर. उत्तर एकच आलं याचं त्याला वाईट वाटलं असावं.

वायदा दिवाळीचा होता, टेबल संक्रांतीला उभं राहिलं. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी आप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' म्हणणाऱ्यानं घरी कधी फर्निचर करवून घेतलं नसणार, नाहीतर त्या यादीत सुतार सुटता ना. मधे वीस दिवस मामांचा फोन लागत नव्हता. आले ते हातात पुतणीच्या लग्नाचे लाडू घेऊन. रागवायचं कसं?

टेबल भिंतीला लावलं आणि अर्थातच एका टोकाला फट राहिली. दोन सूत. मामा म्हणाले, "भिंतीप्रमाणं कड तासून देतो, रेघभर फट दिसणार नाही." मग स्वतःच टेबलावरून हात फिरवत उभे राहिले. त्यांच्या मनात नव्हतं ते. माझ्याही नव्हतं. पळालेल्या भिंतीसाठी सरळ टेबल वाकडं का करायचं? फट ठेवली. त्यात आतापर्यंत एक खोडरबर, दोन बिलं आणि अण्णांची बीपीची गोळी गेली आहे.

जूनमध्ये पाऊस लागला आणि ड्रॉवर अडकला. ओढून ओढून हात दुखला. मी फोन केला, जरा चढ्या आवाजातच. मामा शांतपणे म्हणाले, "लाकूड पाणी पिऊन फुगलंय ताई. आडवं फुगतं ते, लांबीला नाही. रंधा मारून देतो, पण मग उन्हाळ्यात खुळखुळंल. त्यापेक्षा दसऱ्यापर्यंत दम धरा, आपोआप सुटंल."

सगळे चमचे आत. भात वाढायला पळी, आमटीला वाटी, मुलगी दहीभात हातानं खायला शिकली. मला चमच्यासाठी उठायचं कारण उरलं नाही, तेव्हा मी बसून जेवायला लागले. ऑगस्टमध्ये एकदा सवयीनं पाय वर घेतले, तर गुडघा ड्रॉवरवर आपटला आणि आतले चमचे खळकन वाजले. अण्णा ताटातून मान वर न काढता म्हणाले, "मॅडम, पाय खाली सोडून बसायचं."